वरचा मजला, पश्चिमेची भिंत आणि २ टनचा सल्ला : एका एसीचं पूर्ण प्रकरण

ओळखीतल्या एका ताईंच्या घरचं प्रकरण आहे. नावगाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, कारण असं घर कुठेही सापडेल. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, डोक्यावर थेट गच्चीचा उघडा स्लॅब, बेडरूम १२ बाय १३ फूट, उंची १० फूट, १३ फुटाची भिंत बरोब्बर पश्चिमेला आणि तिच्यात ५ बाय ४ ची सरकत्या काचेची खिडकी. खोलीत झोपणार तिघं, ताई, त्यांचे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाईंचं वय झालंय, बीपीची गोळी चालू आहे आणि दुपारीही त्या याच खोलीत असतात, म्हणजे एसी ही चैन नव्हती, उन्हाळ्यातली गरज होती. एवढं आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी म्हणणार की पंखा लावून झोपा की, आम्ही नाही का झोपत.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न आला, खोली केवढी. दुसरा, टॉप फ्लोअर का. हो म्हटल्यावर विक्रेत्याने लगेच २ टन सांगितला. शेजाऱ्यांचं म्हणणं दीड टन. ताईंच्या मिस्टरांचं म्हणणं घ्यायचाच तर मोठाच घेऊ, लवकर गार होईल आणि लवकर बंद होईल, म्हणजे बिल कमीच येणार. हे वाक्य ऐकलं आणि मी म्हटलं थांबा, खरेदी एक आठवडा पुढे ढकला, आधी खोली बघू.

खोली बघू म्हणजे क्षेत्रफळ मोजू असं नाही. एसीचं काम खोलीत शिरणारी उष्णता बाहेर फेकायचं, खोलीचे चौरस फूट थंड करायचं नाही. तेवढ्याच चौरस फुटाची मधल्या मजल्यावरची, उत्तरेची खोली असती तर अर्ध्या मशीनवर भागलं असतं. दुकानातला तक्ता, इतक्या चौरस फुटाला इतके टन, हा सरासरी खोलीचा असतो आणि ताईंची खोली सरासरी अजिबात नव्हती. त्यामुळे विक्रेत्याने टॉप फ्लोअर ऐकून टन वाढवला यात त्याची चूक नाही, पण उष्णता जास्त येतेय तर ती कमी करता येईल का, हा प्रश्न त्याच्या कामाचा नाही, आपल्या कामाचा आहे.

मी लांबून तापमान सांगणारं ते पिस्तुलासारखं इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन गेलो. बाहेर ४३ च्या आसपास होतं. गंमत अशी की दुपारी २ वाजता खोलीतून छताला नेम धरला तर आकडा फार भयंकर नव्हता, ३६-३७. खरा आकडा संध्याकाळी ७ ला आला, ४१. सूर्य मावळतोय, बाहेर वारा सुटलाय आणि छत मात्र दिवसातलं सगळ्यात गरम. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते खालच्या बाजूला पोचायला ४-५ तास लागतात. रात्री ११ लाही ३८. म्हणजे ही माणसं रोज रात्री एका मोठ्या तापलेल्या तव्याखाली झोपत होती, तवा फक्त उलटा होता. पंखा लावला तर पंखा त्या छताजवळचीच हवा खाली ढकलणार, म्हणून "पंख्याची हवा गरम लागते" ही तक्रार.

मग वहीत हिशोब मांडला. अगदी इंजिनिअरिंगचा काटेकोर हिशोब नाही, पण ठरवायला पुरेसा. छत साधारण १४.५ चौरस मीटर. छताच्या खालच्या पृष्ठभागाकडून खोलीत उष्णता यायचा ढोबळ दर धरला दर चौरस मीटरला, दर डिग्री फरकाला ६ वॅट. छत ४१, खोली २६ ठेवायची, फरक १५, म्हणजे एकट्या छतातून १३०० वॅट. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी ४-५ ला तिरकं ऊन थेट पडतं, काच पावणेदोन-दोन चौरस मीटर, साधी काच बहुतेक ऊन आत सोडते, ९०० वॅट. भिंत ३००. तीन माणसं, प्रत्येकी १०० धरा, ३००. पंखा, टीव्ही, चार्जर मिळून १५०. दाराच्या फटी, खिडकीच्या सरकत्या चौकटीतल्या फटी, यातून येणारी गरम हवा ३०० ते ४००. बेरीज ३३०० च्या आसपास.

आता १ टन म्हणजे किती, तर एका तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. ही उष्णता काढायची ताकद आहे, वीज खायचा आकडा नाही, बरेच लोक इथे गोंधळतात आणि "दीड टन म्हणजे पाच हजार वॅट खाणार का" म्हणून घाबरतात. तर बेरीज ३.३, मशीन ३.५, म्हणजे १ टन पुरेल असं वाटतं. पण इथे एक मेख आहे. पेटीवर छापलेली क्षमता ही बाहेर ३५ डिग्री आणि आत २७ डिग्री असताना मोजलेली असते, आंतरराष्ट्रीय चाचणीची नेहमीची अट तीच आहे (फार गरम प्रदेशांसाठी बाहेर ४६ ची वेगळी अट आहे, पण तो आकडा पेटीवर क्वचितच ठळक असतो). बाहेर ४३ झालं की तेच मशीन दहाएक टक्के कमी थंडावा देतं आणि वर वीज जास्त घेतं. म्हणजे १ टन हातात पडेपर्यंत ३.१-३.२. संध्याकाळी कमी पडणार. शिवाय १ टन म्हणून विकलं जाणारं प्रत्येक मशीन ३.५ चं नसतंच, ३.३ वालीही असतात, म्हणून टन बघू नका, लेबलवर वॅटमध्ये कूलिंग कपॅसिटी लिहिलेली असते ती वाचा.

म्हणजे आहे तशा खोलीला दीड टन लागला असता, शेजारी बरोबर होते. २ टन मात्र तरीही जास्तच होता.

आणि जास्त असण्यात वाईट काय, हे मिस्टरांना समजवायला सगळ्यात वेळ गेला. त्यांचा मुद्दा लवकर गार, लवकर बंद. साधा, एकाच स्पीडचा २ टन त्या खोलीत सात-आठ मिनिटांत थर्मोस्टॅटचा आकडा गाठून कॉम्प्रेसर बंद करेल हे खरंय. पण एसी दोन कामं करतो, हवा थंड करतो आणि हवेतला ओलावा काढतो. ओलावा काढायला आतली कॉइल (आतल्या युनिटमधली नळ्यांची जाळी, हवा जिच्यावरून फिरते ती) आधी पुरेशी थंड व्हावी लागते, तिच्यावर पाणी जमावं लागतं, ते ओघळून पाइपमधून बाहेर जावं लागतं आणि या सगळ्याला मशीन सलग चालावं लागतं. मशीन सारखं चालू-बंद होत राहिलं तर कॉइलवरचं पाणी बाहेर जायच्या आत परत खोलीतच वाळतं. मग होतं काय की आकडा २४ दाखवतोय आणि अंग चिकट, म्हणून माणूस अजून खाली, २२, २०. पावसाच्या तोंडावरच्या दमट दिवसांत हे जास्त जाणवतं. वर प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर सुरू होताना पहिली काही मिनिटं तो धड थंडावा देत नाही, वीज मात्र पूर्ण घेतो. मोठं मशीन लवकर बंद होतं खरं, पण लवकर परत सुरूही होतं, तो भाग बोलण्यात सुटतो.

मी म्हटलं दीड टन आणि १ टन यांच्या किमतीत जो फरक आहे, तो आधी छतावर आणि खिडकीवर घालू आणि मग परत मोजू.

गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा कोटिंग मारला. आधी गच्ची घासून, भेगा भरून, मग दोन हात. हे काम सोपं वाटतं पण धुळीवरच रंग मारला तर एका पावसात पापुद्रे निघतात, म्हणून घासण्यात आळस करू नये. आणि पांढरा रंग काळवंडतो, दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला गच्ची धुवावी लागते, नाहीतर फायदा हळूहळू गळतो. गच्ची सगळ्या बिल्डिंगची होती, त्यामुळे विचारून करावं लागलं, पण रंगाला कोण नाही म्हणतंय.

खिडकीला पडदा होता, जाड, गडद, महागातला. ताईंना वाटायचं ऊन अडतंय. पण आतला पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो, तोपर्यंत उष्णता घरात आलेली असते, पडदा तापतो आणि ती खोलीतच सोडतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. म्हणून बाहेरून बांबूची गुंडाळता येणारी चटई लावली, दुपारी १ ला सोडायची, सूर्य मावळला की वर करायची. सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात स्वस्त भाग आणि एकेका पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. काचेला लावायची फिल्म मिळते, तीही चालते, पण बाहेरच्या सावलीची सर नाही. खिडकीच्या फटीला ब्रशची पट्टी आणि दाराखाली रबर, बस.

परत मोजलं. संध्याकाळी ७ ला छत ३५, बाहेरचं तापमान मात्र आधी मोजलं तेव्हाइतकंच. रात्री ११ ला ३३. परत बेरीज केली तर छत ८००, खिडकी २००, भिंत, माणसं, टीव्ही तेवढंच, फटी २००. एकूण १९५०. म्हणजे ३३०० वरून २००० च्या आत. आता १ टन अगदी ४३ च्या संध्याकाळीही साठेक टक्क्यांवर चालणार होता. एसी यायच्या आधीच त्या खोलीत पंख्याखाली झोपता यायला लागलं होतं, सासूबाईंनीच सांगितलं, हवा गरम लागत नाही आता. (मिस्टर म्हणाले मग एसी कशाला. ताईंनी फक्त बघितलं त्यांच्याकडे.)

आता कुठला घ्यायचा. कूलरचा विचार झाला होता, दीड-दोनशे वॅटमध्ये काम होतं, पण कूलर कोरड्या हवेतच कामाचा आणि त्याला एक खिडकी उघडी लागते, दमट दिवसांत तो खोलीचा नुसता चिखल करतो. आणि एसीसोबत कूलर लावायचा प्रकार तर कधीच करू नका, कूलर ओलावा टाकणार आणि एसी तोच ओलावा काढण्यात वीज जाळणार.

इन्व्हर्टर घ्यायचा हे ठरलं, कारण वापर रोज रात्रभर. इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवर चालणारा नव्हे, कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होणारा. रात्री १-२ नंतर जेव्हा खोलीला फक्त हजार-बाराशे वॅट थंडावा लागतो तेव्हा तो बंद-चालू न होता हळू चालत राहतो, आणि हळू चालताना दर युनिट विजेमागे थंडावा जास्त देतो, कारण आतल्या-बाहेरच्या कॉइल तेवढ्याच मोठ्या आणि काम मात्र निम्मं. लेबलवर काही ठिकाणी पूर्ण लोड आणि अर्धा लोड असे दोन आकडे दिलेले असतात. रात्रभर वापरणाऱ्याने अर्ध्या लोडचा आकडा बघावा, त्याचं मशीन बहुतेक वेळ तिथेच असतं.

पण त्याच इन्व्हर्टरमध्ये परत प्रकार, कमी स्टारचा का सगळ्यात जास्त स्टारचा. इथे मी लोकांच्या विरुद्ध जातो. सरसकट सगळ्यात जास्त स्टारवाला घ्या हा सल्ला आळशी आहे. हिशोब साधा आहे, जास्तीची किंमत भागिले (वर्षाला वाचणारी युनिटं गुणिले तुमचा युनिटचा दर), उत्तर येईल तितकी वर्षं पैसे वसूल व्हायला लागतील. ताईंकडे अंदाज होता दिवसाला ६ युनिट, उन्हाळ्याचे चार महिने, म्हणजे ७०० च्या आसपास. दोन मॉडेलमध्ये कार्यक्षमतेचा फरक साधारण वीस टक्के, म्हणजे वर्षाला १४० युनिट. त्यांच्या दराने पैसे पाच वर्षांत परत मिळत होते, एसी दहा वर्षं चालवायचा, म्हणून घेतला. पण पाहुण्यांच्या खोलीला, महिन्यातून चार रात्री चालणाऱ्या एसीला हाच हिशोब केला तर मशीन मोडीत निघेल तरी फरक वसूल होणार नाही. आणि लेबलवर वर्षाला इतके युनिट असं जे छापतात ते ठराविक तास धरून काढलेलं असतं, दोन मशीन एकमेकांशी ताडून बघायला उत्तम, तुमचं बिल सांगायला नाही.

एक बारीक गोष्ट यात विसरू नये. जिथे वापर वाढेल तसा युनिटचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो तिथे एसीची युनिटं वरच्या टप्प्यात पडतात. फ्रिज-दिवे खालच्या दरात बसलेले असतात, वर एसी येतो. त्यामुळे वाचलेलं युनिट हे सरासरी दराचं नाही, सगळ्यात महाग दराचं असतं. हिशोबात तो वरचा दर धरा. ताईंचं उत्तर त्यानेच सात वर्षांवरून पाचवर आलं.

एसीच्या नळ्यांमधून फिरून उष्णता वाहून नेणारा गॅस आर-३२ होता. जुन्या आर-२२ ने ओझोनला त्रास होतो म्हणून तो हद्दपार होत आला, मधला आर-४१०ए ओझोनला त्रास देत नाही पण पृथ्वी तापवण्यात त्याचा आकडा २०८८, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या तेवढ्या पट, आर-३२ चा ६७५. आर-३२ थोडासा ज्वलनशील असतो, म्हणून दुरुस्तीला येईल-जाईल त्या माणसाला हात लावू देऊ नये, एवढंच लक्षात ठेवायचं. कॉइल तांब्याची बघितली कारण दुरुस्ती सोपी. वायफाय, आवाजावर चालणारं अमुकतमुक, त्यासाठी एक पैसाही जास्त दिला नाही.

आता बसवणं. इथे मी मुद्दाम हजर राहिलो, कारण चांगलं मशीन अर्ध्या तासात वाया घालवायची ही जागा आहे. बसवायला आलेल्या पोऱ्याने बाहेरचं युनिट डक्टमध्ये टांगायचं ठरवलं होतं, त्याला शिडी लावायला सोपं. डक्ट तीन फुटाचा, समोर भिंत, वर-खाली इतर घरांची युनिटं. बाहेरच्या युनिटचं काम खोलीतली उष्णता हवेत टाकायचं, तिथे टाकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत त्यालाच मिळाली तर त्याच्यासाठी बाहेर ४३ नाही, ५० आहे. मग थंडावा कमी, वीज जास्त, आणि फारच तापलं तर मशीन ट्रिप. शेवटी उत्तरेच्या भिंतीवर, मोकळ्यावर लावलं. पाइप थोडा जास्त लागला, त्याचे पैसे द्यावे लागले, द्यावेत. पश्चिमेशिवाय जागाच नसेल तर वर छोटं छप्पर करा, पण समोर आणि मागे काही आडवं नको.

दुसरं व्हॅक्यूम. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि दमटपणा पंपाने ओढून काढायचा असतो, पंधरा-वीस मिनिटं पंप चालू ठेवायचा, मग बंद करून काटा जागेवर राहतो का बघायचं, राहिला म्हणजे जॉइंट पक्के. घाईतली पद्धत अशी की थोडा गॅस सोडून हवा ढकलून द्यायची. हा म्हणाला पंप आणला नाही, असंच चालतं. म्हटलं आम्हाला नाही चालत, तुम्ही उद्या या. तो पंप घेऊन दुसऱ्या दिवशी आला. यात भांडण काही नाही, नीट बोललं की येतात. आत दमटपणा राहिला तर तो कॉम्प्रेसरच्या तेलात भिनून वर्षा-दोन वर्षांनी मशीन खातो आणि तेव्हा कोणालाच आठवत नाही की सुरुवात कुठे झाली.

बाकी पटापट. पाण्याच्या पाइपला सतत उतार, भिंतीतलं भोक पाइप टाकल्यावर नीट बुजवायचं (त्यातून किडे, पाणी आणि गरम हवा तिन्ही येतात), एसीला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर आणि स्वतःचा एमसीबी, एक्स्टेन्शन बोर्डावर एसी कधीही नाही.

चालवण्यावरून मात्र पहिल्याच आठवड्यात घरात वाद. मिस्टर रिमोटवर १८ करून चादर ओढणार, सासूबाई २७ मागणार. १८ केल्याने लवकर गार होतं हा समज साध्या एसीत तर सरळ चूक आहे, तो एकाच वेगाने चालतो, १८ असो का २४, त्याला फक्त कधी थांबायचं ते कळतं. इन्व्हर्टरमध्ये १८ ठेवलं तर तो जास्त वेळ पूर्ण वेगाने धावतो, पण २६ गाठायला त्याला तसाही पूर्ण वेग लागतोच, म्हणजे मिळकत काही नाही. आणि खर्च? परत छताकडे बघा. छत ३५, खोली २६, फरक ९, उष्णता ८०० वॅट. खोली २० केली तर फरक १५, उष्णता १३००. म्हणजे आपण पैसे खर्च करून रंग मारून जे कमावलं ते रिमोटवरची सहा बटणं दाबून परत दिलं. हे गणित मिस्टरांना पटलं, कारण रंगाचं बिल त्यांनीच भरलं होतं.

ठरलं ते असं. २६ आणि पंखा कमी वेगावर. पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो, हवा अंगावरून फिरली की दोन-तीन डिग्री कमी असल्यासारखं वाटतं आणि त्यासाठी जुना पंखा ७०-७५ वॅट, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. कॉम्प्रेसरला तेवढं काम सांगितलं तर याहून कितीतरी जास्त घेईल. खोलीत कोणी नसताना मात्र पंखा चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. सासूबाईंची जागा एसीच्या थेट झोतातून काढली, झोत वरच्या दिशेने. दमट दिवस आले की ड्राय मोड. पहाटे ४ नंतर बाहेरची हवाच बरी असते, तेव्हा टायमरने एसी बंद आणि खिडकी उघडी, बंद खोलीत तिघांच्या श्वासाने जडावलेली हवाही बदलते, कारण साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आहे तीच फिरवतो. दुपारी सासूबाईंसाठी बांबूची चटई सोडून, २७ वर.

युनिट किती जातात हे बघायला वेगळं यंत्र घेतलं नाही, घरच्याच मीटरवर बघितलं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा मिचकतो आणि शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला इतके इम्पल्स. त्यांच्या मीटरवर ३२०० होते. एका मिनिटात किती वेळा मिचकतो ते मोजायचं, गुणिले ६०, भागिले ३२००, उत्तर किलोवॅटमध्ये. एसी बंद, फ्रिज आणि पंखे चालू, ८ वेळा, म्हणजे १५० वॅट. रात्री १ वाजता एसी स्थिरावल्यावर २७ वेळा, साधारण ५००. वजा केलं तर एसीच्या वाटणीला ३५०. ताईंनी अर्ध्या रात्री जिन्यात मोबाईलचं घड्याळ लावून मोजलं आणि मला मेसेज टाकला, "साडेतीनशेच! मिक्सर यापेक्षा जास्त खातो." मिक्सर पाच मिनिटं चालतो हा भाग वेगळा, पण आनंद खरा होता.

उन्हाळा धरून सरासरी निघाली ती अशी, रात्रीचे चार युनिटांच्या आत-बाहेर आणि दुपारचे दोन युनिट, मिळून दिवसाला ६ युनिट. कोटिंग-चटई न करता साधा २ टन लावला असता तर माझ्या हिशोबाने १० च्या आसपास गेले असते. या ४ युनिटांच्या फरकात ढोबळमानाने निम्मा वाटा छत-खिडकीचा आणि निम्मा मशीनचा. म्हणजे नुसता भारी एसी घेऊन छत तसंच ठेवलं असतं तर अर्धाच फायदा, आणि नुसतं छत करून जुनाच एसी ठेवला असता तरी अर्धा फायदा मिळाला असता. ज्यांच्याकडे जुना एसी आहे आणि नवा परवडत नाही त्यांनी हा दुसरा अर्धा नीट वाचावा.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला सर्व्हिसला एक माणूस आला, बिना विचारता म्हणाला गॅस कमी झालाय, दरवर्षी भरावा लागतो. ताईंनी फोन लावला. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांमध्ये तोच फिरत असतो, कमी झाला असेल तर गळती आहे आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस परत जाणार. मी त्यांना एवढंच विचारायला सांगितलं, गळती कुठेय ते दाखवा आणि भरणार असाल तर आधी आहे तो काढून वजनावर, पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे भरा. त्यावर तो म्हणाला तसा ठीक आहे, अजून वर्षभर चालेल. खरं दुखणं फिल्टरचं होतं, जाळीवर धुळीचं कांबळं. आता घरात दर पंधरा दिवसांनी नळाखाली जाळी धुतात, सावलीत वाळवतात, पाच मिनिटांचं काम. वर्षातून एकदा बाहेरच्या कॉइलवर पाण्याचा हलका फवारा, जोरात नाही, पातळ पत्र्या वाकतात.

यंदा हॉलसाठी एसी घ्यायचं चाललंय आणि मिस्टर परत २ टनवर आलेत. हॉलला किचन उघडं जोडलेलं, मधे दार नाही, पॅसेजमधून दोन खोल्या उघड्या. म्हणजे एसी हॉलचा आणि गार करणार अख्खं घर, वर गॅसच्या शेगडीची धगही त्यालाच काढायची. तिथे टनाचा हिशोब करायलाच मी नकार दिलाय. किचन आणि पॅसेजला सरकतं दार बसवायचा खर्च सुताराकडून काढून आणा म्हटलंय, तो आकडा आला की पुढचं बोलू. वरचा कोटिंग तिथेही आहेच, आणि हॉलमध्ये बसणं संध्याकाळी दोन तास, त्यामुळे खरं सांगायचं तर नवा बीएलडीसी पंखा आणि खिडकीला अजून एक चटई यावरच भागेल असं मला वाटतंय. ताईंचंही तेच मत आहे, मिस्टरांचं अजून नाही.